मंजुषाचा रतीब

मखमलाबादला गोटीराम फुलवाल्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, बिजली आणि बांधाच्या कडेनं कोथिंबीर. त्यांची मंजुषा आठवी ते दहावी माझ्याकडे मराठीला होती. ती हात वर करणाऱ्यांतली नव्हती. विचारलं तर उभं राहून नेमकं उत्तर द्यायची आणि मग खाली बसायचं विसरायची. पुढचा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारून झाला तरी ही उभीच. "मंजुषा, बस," म्हटलं की बसायची.

तिची आई ठमाबाई पंचवटीतल्या घरांना फुलांचा रतीब घालायची. उजाडता उजाडता पानात बांधलेली पुडी दाराच्या कडीला अडकवून पुढच्या दाराला जायची. तोंड दिसायचं नाही, पुडी मात्र चुकायची नाही.

मंजुषाचं लग्न महेश विधातेशी झालं. तो अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला होता. बोलका, थोडा स्थूल, हसला की आधी खांदे हलायचे. विधात्यांचं घर आमच्या हिरावाडीतच होतं, त्यामुळे मुलगी दिली आणि जवळच आली असं ठमाबाई म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले. त्यात दुकानदार जे काही कॉपी करून टाकून देई त्यावर लोक चालवायचे. मग व्हायरस यायचा, मग सगळं पुसून पुन्हा टाकायचं, त्यात मुलांचे फोटो जायचे. महेशला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर लिनक्स मिळालं, कॉम्प्युटर चालवायचं एक वेगळं सॉफ्टवेअर, आणि तो त्याच्या नादाला लागला. आधी स्वतःच्या घरी बसवलं, मग शेजारी, मग ओळखीच्यांकडे. माझा मुलगा बंगलोरला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. त्यावरही महेशनंच बसवून दिलं.

"बाई, हे फुकट आहे," त्यानं मला सांगितलं होतं, "पण बेवारस नाही. कुठं कुठं बसलेली माणसं रोज यातलं काहीतरी दुरुस्त करत असतात. ती दुरुस्ती आपल्या घरापर्यंत आणावी लागते. नाही आणली की हे शिळं होतं."

आणायची कशी, हा प्रश्न होता. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. ते लावलं की फोन बंद, आणि एवढं हळू की मध्येच तुटायचं. म्हणून महेश एका मित्राच्या सायबर कॅफेत बसून नवे भाग उतरवून घ्यायचा, सीडीवर भरायचा आणि रविवारी स्कूटरवरून घरोघरी जायचा. ठमाबाईच्या दारांतली निम्मी दारं त्याचीही होती. त्यामुळे यालाही तो रतीबच म्हणायला लागला. सासूला ते पटलं नव्हतं. एकदा माझ्याच दारात दोघांची गाठ पडली.

"माझ्या फुलाचा वास तरी येतो," ठमाबाई म्हणाली. "तुमच्या रतिबाचा काय येतो, जावईबापू?"

"काही येत नाही तेच बरं मामी. वास यायला लागला म्हणजे मशीन जळालं समजायचं."

ती पदर तोंडाला लावून हसत जिना उतरली होती.

मंजुषा कधीकधी त्याच्यामागे स्कूटरवर असायची. सीड्यांचं पाकीट तिच्या मांडीवर. महेश घरातल्यांशी बोलण्यात रंगला की कॉम्प्युटरवर काय चाललंय हे तीच पाहायची आणि विचारलेल्या ठिकाणी 'हो' दाबायची. ती हे शिकते आहे असं आम्हांला कुणालाच वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

महेशची एक पद्धत होती. प्रत्येक घरच्या कॉम्प्युटरवर तो दोन खाती उघडायचा. एक घरातल्यांचं, रोजच्या कामाचं. दुसरं स्वतःच्या नावाचं. आतलं काही बदलायचं, नवीन भाग घालायचे, तर त्याच्या खात्यातूनच होई. उगीच कुणी हात लावून बिघडवू नये म्हणून. त्यामुळे कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन नावं यायची. माझ्या पडद्यावर वर 'बाई' आणि त्याखाली 'महेश'. आम्ही वरच्या नावावर टिचकी मारून आत जायचो. खालच्या नावाकडे लक्षही जात नसे.

दोन हजार सहाच्या चैत्रात, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, महेश बसल्या जागी गेला. डबा उघडलेला होता. चाळिशीही आली नव्हती.

मी दहाव्याला रामकुंडावर गेले होते. मंजुषा बायकांच्या घोळक्यात बसली होती. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला की त्या हाताकडे पाहायची. कुणी जवळ घेतलं तर घेऊ द्यायची. मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही उन्हाच्या कशाला आलात?" आवाज नेहमीचाच होता.

त्यानंतर माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण दिसायला लागली. नवे भाग आलेत, घालून घ्या, असं सांगणारी. तोवर आमच्याकडे ब्रॉडबँड आलं होतं, त्यामुळे नवं काही आलं की यंत्राला आपोआप कळायचं. पण घालायचं कुणी? मी ती खूण रोज बघायचे आणि कॉम्प्युटर बंद करायचे. इमारतीत इतरांच्याही पडद्यांवर ती असणार. कुणी तो विषय काढला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी दाराची बेल वाजली. मंजुषा होती. खांद्याला महेशची पिशवी.

"बरेच अपडेट तुंबले असतील," ती म्हणाली आणि सरळ टेबलाकडे गेली. खाली बसली. 'महेश' या नावावर टिचकी मारली, कीबोर्डकडे न बघता पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. मी चहा ठेवला. त्या वेळी नाशकात भारनियमन चालू होतं. आमच्याकडची लाइट त्या दिवशी दहाला जाणार होती, त्यामुळे तिचं एक लक्ष घड्याळाकडे होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी होऊन बसतं, असं तिनं मला सांगितलं. मी घाईत चहात साखर घालायची विसरले होते. ते माझा कप तोंडाला लावल्यावर मला कळलं. तिचा कप तोवर रिकामा झाला होता.

तिथून पुढे ती दर महिन्याला यायला लागली. घरोघरी तसंच. लोक हळहळायचे, कौतुकही करायचे. ती ऐकून घ्यायची. कुणी महेशची आठवण सांगायला लागलं तरी ऐकून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "काकू, जरा हा प्रिंटर चालू करा. बघून घेते." तुसडेपणा नव्हता त्यात. समोरचा बोलतो आहे, त्याचं बोलणं आपल्यापर्यंत येतं आहे, पण आत जात नाही, असं काहीतरी.

तिची सासू बायडाबाई मला बाजारात भेटली की कोपऱ्यात घेऊन जायची. सुनेवर तिचा जीव होता. महेश गेल्यावर तिनंच मंजुषाला माहेरी जाऊ दिलं नव्हतं.

"ती रडली नाय हो बाई अजून," ती सांगायची. "तेराव्याला नाय, वर्षश्राद्धाला नाय. जेव म्हटलं की जेवती. झोप म्हटलं की पडती. घरातलं समदं करती. पण तिला बोलले तरी चालतं अन् नाय बोलले तरी चालतं. अशी बाई बघितली का तुम्ही कुठं?"

मी म्हणाले, वेळ जाऊ द्या. दुसरं काय म्हणणार.

दोन वर्षं गेली. मग एक दिवस मंजुषानंच मला सांगितलं की महेशनं बसवलेल्या व्हर्जनला पुढच्या उन्हाळ्यानंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत. एखादं व्हर्जन असं काही वर्षांनी सोडून देतात. मग नवी सीडी घालून सगळं नव्यानं बसवायचं. जुन्यावरच चढवता येत नाही का, मी विचारलं. तिनं एका घरी करून पाहिलं होतं, ते मध्येच अडकलं होतं. नव्यानंच बसवणं बरं. घरातल्यांचे फोटो, लिखाण आधी बाजूला काढून ठेवायचं, नंतर परत आणायचं.

"मग कधी करतेस?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात ती आली, नेहमीचे भाग घातले, गेली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग पावसाळा झाला. नव्या व्हर्जनची सीडी तिच्या पिशवीत असायची, मी पाहिली होती. उन्हाळ्यानंतर भाग येणं बंद झालं. आता ती यायची, महेशच्या नावानं आत जायची, काही नवं नाही म्हणून बघायची आणि पुन्हा बाहेर यायची. त्याला पाचच मिनिटं लागायची. उरलेला वेळ ती बसून असायची.

मला कारण कळायला वेळ लागला. एकदा तिच्यामागे उभी होते. सुरुवातीचा पडदा होता, त्यावर ती दोन नावं. तिनं बाण महेशच्या नावावर नेला आणि टिचकी न मारता तिथंच ठेवला. नव्यानं बसवायचं म्हणजे ही दोन्ही नावं जाणार. 'बाई' तर पुन्हा लिहिता येईल. दुसऱ्या ठिकाणी काय लिहायचं? पुन्हा महेश लिहायचं, तर ते तिनं आपल्या हातानं लिहिलेलं असणार, त्यानं नव्हे. नाही लिहायचं, तर हिरावाडीतल्या सगळ्या घरांतून तो एकेका रविवारी तिच्याच हातून पुसला जाणार.

इकडे रतीब तुटत चालला होता. वेबसाइट उघडत नाहीत, नवा कॅमेरा जोडला तर ओळखत नाही, म्हणून लोक कुरकुरायला लागले. एक-दोघांनी दुकानातून माणूस बोलावून दुसरंच काही टाकून घेतलं आणि तिला कळवलंही नाही. ती बेल वाजवायची, आत यायची, पडदा बघायची. "बरं," एवढंच म्हणायची आणि चप्पल घालायची.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर निफाडकर राहतात. त्यांचा जुन्या नाशकात लग्नपत्रिकांचा छापखाना होता. खिळे जुळवण्यात जन्म गेला. छापखाना बंद झाल्यावर त्यांना घरी करमेना, तेव्हा महेशनं त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी टंकलेखनाची सोय करून दिली होती. ते फॉन्टसाठी महेशला इतक्या वेळा फोन करायचे की शेवटी त्यानं कंटाळून आपल्या खात्याचा पासवर्डच त्यांना देऊन टाकला. तो माहीत असलेले ते एकटेच.

एका रविवारी सकाळी निफाडकरांनी मला खाली बोलावलं. खुर्चीत बसले होते, उठले, पुन्हा बसले.

"बाई, मी एक गोष्ट केली आहे," ते म्हणाले. "ती यायच्या आत तुम्ही बघा. मला तरी बरोबरच वाटते. पण तिला कसं वाटेल?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. दोन नावं होती. वर 'ग. वि. निफाडकर'. खाली 'कै. महेश'.

मी खालची ओळ पुन्हा वाचली.

"आमच्या धंद्यात याच्यावरून मारामाऱ्या होत," ते सांगायला लागले. "गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लावायचं राहून गेलं तर घरचे दारात येऊन उभे. म्हणत, आमचा माणूस तुम्ही हलका धरलात. आणि एकदा आमच्या जुळाऱ्यानं नवरदेवाच्या जिवंत चुलत्याला कै. लावलं, तर त्यांनी पत्रिकांचा गठ्ठाच्या गठ्ठा गोदेत सोडला. मी रोज हा पडदा उघडतो. रोज ते नाव नुसतं, बोडकं. मला ते बघवत नाही. गेलेल्या माणसाला आपण अजून कामाला लावलंय असं वाटतं."

तेवढ्यात मंजुषा आली. मी तिला सांगावं की नाही या विचारात होते, पण ती सवयीनं थेट खुर्चीत जाऊन बसली. पडदा समोरच होता.

ती बघत राहिली. निफाडकर काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हातातच ठेवला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"हो. चुकलं का ग?"

तिनं बाण त्या नावावर नेला.

"नाही," ती म्हणाली. "असंच लिहितात."

मग तिनं त्या नावावर टिचकी मारली. पासवर्ड टाकला. आत गेली. सगळं तसंच होतं, अगदी मागचं चित्रही.

"दिसणारं नाव बदललं तरी आत जाता येतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, मी हे लिहिलं नव्हतं कुठं. रेशनकार्डाच्या वेळी दिरांनी लिहिलं. नणंदेच्या मुलीच्या पत्रिकेत छापून आलं, ते मी वाचलं. पण माझ्या हातानं नाही लिहिलं."

हे तिनं हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. डोळे कोरडेच होते.

तिनं घड्याळाकडे पाहिलं, काकांना लाइट कधी जाणार ते विचारलं. त्या दिवशी दुपारची पाळी होती. मग तिनं काकांचं सगळं लिखाण बाजूला काढून घेतलं, दोनदा तपासलं आणि पिशवीतून नवी सीडी काढली.

यंत्र सीडीवरून सुरू झालं. भाषा विचारली, गाव विचारलं, कीबोर्ड विचारला. ती भराभर पुढे जात होती. मग एक चौकट आली. तुमचं नाव काय?

तिचे हात थांबले. मी आणि काका तिच्या मागे उभे होतो. नव्यानं बसवायचं हे पहिलंच घर, आणि इथं जे पडेल तेच इतर घरांतही पडणार, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. काकांना राहवेना.

"तुझंच लिही, पोरी," ते म्हणाले. "काम तू करतेस. पूर्ण नाव लिही, पत्रिकेत लिहितो तसं."

ती लिहायला लागली. एका बोटानं, सावकाश. आधी 'मंजुषा'. मग थांबली. मग 'महेश'. मग 'विधाते'. तीन शब्द ओळीत उभे राहिले.

मी तिचा चेहरा बाजूनं बघत होते. ती ते तीन शब्द वाचत होती. पुन्हा वाचले. मग काकांकडे मान वळवून तिनं विचारलं, "काका, मधल्या नावाला कै. लावतात का?"

एवढ्या वर्षांच्या सगळ्या पत्रिका काकांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. त्यांनी चष्मा लावला.

"नाही," ते म्हणाले. "मधल्या नावाला लावत नाहीत. माणूस असो की नसो. तिथं नुसतं नाव."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. मी चाळीस वर्षं छापलं. कुणी लावा म्हणालं असतं तरी मी लावलं नसतं."

तिनं मान हलवली. खालच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत आत जायचं नाव टाकायचं होतं, तिथं 'मंजुषा' एवढंच टाकलं. मग नवा पासवर्ड. तो टाकताना मात्र ती कीबोर्डकडे बघत होती. 'पुढे' दाबलं.

पट्टी हळूहळू भरायला लागली. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता. निफाडकर काकूंनी जेवायला थांब म्हटलं. एरवी ती कुणाकडे जेवायची नाही, कुणी बसवलं तर मात्र मुकाट्यानं बसायची. त्या दिवशी तिनं आधी विचारलं, आमटी कशाची आहे म्हणून. काकू म्हणाल्या, तुरीची, आमसूल घातलेली.

"मग थोडी घेईन," मंजुषा म्हणाली, आणि पट्टी भरेपर्यंत तिथंच बसून राहिली.